निझाम सर्किटात आलेले आरसे

सिनेमाच्या धंद्यात निझामाचे राज्य अजून संपलेले नाही. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. वितरकांच्या वहीत मात्र नांदेड, लातूर, परभणी, बीड, उस्मानाबाद ही गावे ‘निझाम’ याच खान्यात राहिली. मुंबई-पुणे ‘बॉम्बे’ सर्किटात, विदर्भ ‘सीपी बेरार’मध्ये आणि आपण तेलंगण, बिदर, गुलबर्गा, रायचूर यांच्या पंगतीला निझामात. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा निघाला, तोही मुकाट्याने त्याच खान्यात जाऊन बसला.

वहीतल्या या खान्याशी सामान्य प्रेक्षकाला काही देणेघेणे नव्हते. त्याला भोगावा लागायचा तो उशीर. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरांहून थोडी जास्त. ही फिल्म चौदा-पंधरा रिळांत, रिळे पत्र्याच्या डब्यांत, डबे पेटीत. एका प्रिंटचा खर्च पन्नास हजारांच्या पुढे जाई, म्हणून प्रिंटा मोजक्याच काढत. आधी मोठी शहरे, मग जिल्ह्याची ठिकाणे, मग तालुके आणि सगळ्यांत शेवटी जत्रेतले तंबू. मराठी निर्मात्याची अवस्था आणखी बिकट. त्याच्याकडे प्रिंटाच बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही आधी पश्चिम महाराष्ट्र फिरून यायच्या.

पेटी नांदेडला पोहोचेपर्यंत फिल्मवर उभ्या रेघा पडलेल्या असत. रीळ तुटले की ऑपरेटर दोन-चार फुटांचा तुकडा कापून सांधा मारायचा. असे दहा ऑपरेटर झाले की नायिकेचे वाक्य अर्ध्यातच संपायचे आणि नायक दारात न येता थेट पलंगावर बसलेला दिसायचा. एका प्रिंटवर दोन टॉकीज चालवायचा प्रकार तर सर्रास होता. इकडे पहिले रीळ संपले की पोऱ्या डबा घेऊन सायकलवर तिकडे. पोऱ्याची सायकल पंक्चर झाली की तिकडच्या प्रेक्षकांच्या शिट्ट्या सुरू. त्यातच 2000 च्या सुमारास सीडीवाले आले. मुंबईत शुक्रवारी लागलेला सिनेमा आठवडा उलटायच्या आत दहा-वीस रुपयांत बाजारात मिळू लागला. पेटी यायची तेव्हा निम्म्या गावाने सिनेमा घरी पाहिलेला असायचा.

हा उशीर मोडून काढणारी वस्तू तोवर अमेरिकेतल्या डॅलस शहरात तयार होऊन बसली होती. ती घडवायला ज्याने सुरुवात केली त्याच्या डोक्यात सिनेमा नव्हता.

1977 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ लॅरी हॉर्नबेक यांनी एक काम हाती घेतले. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा. काम होते विजेच्या इशाऱ्यावर प्रकाश इकडचा तिकडे वळवणारी चिप बनवण्याचे. कल्पना अगदीच कोरी नव्हती. वेस्टिंगहाउस कंपनीच्या प्रयोगशाळेत हार्वे नॅथनसन यांनी 1960 च्या दशकातच सिलिकॉनच्या चिपवर थरथरणारी धातूची पट्टी बसवून दाखवली होती आणि पुढे त्याच कंपनीत बारीक आरशांची जाळीही तयार झाली होती. 1980 मध्ये आयबीएमच्या कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉनचाच, पीळ बसणाऱ्या दांडीवर डुलणारा आरसा बनवला. पण हे आरसे एकटे-दुकटे तरी होते, नाहीतर प्रयोगशाळेच्या बाहेर टिकणारे नव्हते. हॉर्नबेकना लाखोंनी आरसे हवे होते, प्रत्येक वेगळा हलवता येणारा, आणि तेही चिपच्या कारखान्यात चिपसारखेच छापून निघणारे.

त्यांची पहिली दहा वर्षे जवळपास वाया गेली. आधी त्यांनी ट्रान्झिस्टरांच्या जाळीवर धातू चढवलेला पातळ पडदा ताणून बसवला. खालून विजेचा दाब दिला की पडदा त्या जागी खोलगट होई आणि प्रकाश विस्कटे. नंतर पडद्याच्या जागी सुटे आरसे आले. अडचण मात्र तीच राहिली. जितका दाब तितका कल, अशी ती रचना होती. दाब थोडा वाढला तर कल थोडा वाढला पाहिजे आणि शेजारच्या आरशालाही तेवढ्याच दाबाने तेवढाच कल आला पाहिजे. हजारो आरशांच्या बिजागऱ्या तंतोतंत सारख्या निघाल्या तरच हे शक्य होते, आणि त्या कधीच तशा निघत नव्हत्या. चित्र डागाळलेले यायचे, काळा रंग राखाडी दिसायचा. दहा वर्षे असे चालल्यावर कुठल्याही कंपनीतला हिशेबनीस काय म्हणेल हे सांगायला नको. हॉर्नबेकचा प्रकल्प चालू राहिला याचे निम्मे श्रेय मी संरक्षण खात्याच्या पैशाला देतो.

1987 मध्ये त्यांनी हट्ट सोडला आणि काम झाले. आरसा किती कलायचा हे विजेच्या दाबावर ठेवायचेच नाही, असे त्यांनी ठरवले. आरशाला दोनच जागा द्यायच्या, उजवीकडे टेकलेला किंवा डावीकडे टेकलेला. बागेतल्या सी-सॉची फळी जशी एका टोकाला जमिनीला लागून थांबते तसा तो खालच्या थांब्याला टेकून थांबेल. बिजागरी थोडी कडक असो वा सैल, थांबा सगळ्यांना एकच. मग प्रत्येक आरसा सारखाच कलणार. एका बाजूला कलला की दिव्याचा प्रकाश भिंगातून पडद्यावर जातो, दुसरीकडे कलला की प्रकाश आतल्याच काळ्या सापळ्यात मरतो.

यावर कोणीही विचारेल की मग पडद्यावर करड्या छटा कुठून येणार? ती सोय वेळेने केली. आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडून तिकडे उलटतो. सगळा वेळ प्रकाशाकडे राहिला तर ठिपका पांढराशुभ्र, अर्धा वेळ राहिला तर मध्यम करडा, शंभरातला एक वाटा राहिला तर जवळजवळ काळा. डोळा इतक्या वेगाने पाहू शकत नाही. तो सरासरी काढतो आणि आपण तिला छटा म्हणतो. रंगासाठी स्वस्त यंत्रात दिव्यासमोर लाल-हिरव्या-निळ्या काचांचे चाक गरगर फिरवतात. महागड्या यंत्रात तीन रंगांना तीन वेगळ्या चिपा असतात.

आता त्या आरशाची बनावट. एक आरसा 16 मायक्रॉनचा चौकोन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत तीन-चार सहज मावतील. तो ॲल्युमिनियमचा. त्याच्या खाली एक खांब, खांबाखाली एक जू आणि जू दोन बाजूंच्या पातळ पट्ट्यांवर तोललेले. या पट्ट्या म्हणजेच बिजागऱ्या. त्यांना पीळ बसतो, त्या घासत नाहीत, म्हणून वंगण नको. त्यांची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. आरशाखाली दोन मायक्रॉनांच्या आसपास पोकळी आणि पोकळीच्या तळाशी संगणकाच्या स्मृतीचे एक घर. त्या घरात एक लिहिले की एका बाजूचा विद्युतभार आरशाला ओढतो, शून्य लिहिले की दुसऱ्या बाजूचा. ही ओढ म्हणजे केस विंचरलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तीच स्थिर विद्युतची ओढ. रोजच्या आकाराच्या वस्तूंना ती पुरत नाही, पण दोन मायक्रॉनांच्या अंतरावर विसेक व्होल्टांत ती आरशाला खेचून आपटते. उलटायला सेकंदाचा साधारण एक लाखावा भाग पुरतो. कल सुरुवातीला दहा अंश होता, पुढे बारा झाला. हे दोन अंश वाढवायला माणसांची वर्षे गेली, कारण कल जितका जास्त तितका पडद्यावरचा काळा रंग जास्त काळा.

कागदावर जमलेले हे यंत्र कारखान्यात नाठाळपणा करू लागले. पहिली खोड चिकटण्याची. आरशाचे टोक थांब्याला टेकले की तिथेच बसायचे. इतक्या लहान आकारात वजन जवळपास नसतेच, पण हवेतला दमटपणा आणि दोन पृष्ठभागांतले आकर्षण पुरेसे असते. त्यावर उपाय म्हणून आत एक न चिकटणारा थर वाफेने चढवला, टोकांना बारीक स्प्रिंगा दिल्या आणि उलटायच्या आधी विजेचा एक झटका देऊन आरसा थांब्यावरून उडवायची युक्ती काढली. दुसरी खोड चिप कापण्याची. एका गोल चकतीवर अनेक चिपा छापतात आणि मग करवतीने सुट्या करतात. आरसे मोकळे करून मग कापले तर करवतीचा भुसा आणि पाणी त्यांत शिरून सगळे मातीत. म्हणून आरशांखालचा आधाराचा थर तसाच ठेवून आधी करवत चालवायची आणि तो थर नंतर काढून आरसे मोकळे करायचे, असा क्रम लावावा लागला. धुळीचा एक कण एका आरशाखाली राहिला तरी चिप फुकट, कारण पडद्यावर तो ठिपका कायमचा मेलेला दिसणार.

सगळ्यांना धास्ती होती बिजागरीची. तार वाकवत राहिले की ती तुटते हे लोहाराच्या पोरालाही ठाऊक असते. इथे तर पट्टीला सेकंदाला हजारो पीळ बसणार. चाचण्या लावल्या, लाख कोटी वेळा आरसे उलटवले, तरी बिजागऱ्या तुटल्या नाहीत. जाड धातूत थकव्याच्या भेगा ज्या आतल्या दोषांतून सुरू होतात, ते दोष इतक्या पातळ पट्टीत साठायला जागाच नसते. खरा त्रास दुसराच निघाला. आरसा बराच वेळ एकाच बाजूला कललेला राहिला आणि यंत्र तापलेले असले, की बिजागरीला त्याच बाजूची सवय लागायची. त्यासाठी बिजागरीचा मिश्रधातू बदलावा लागला.

या चिपेला पहिली नोकरी लागली ती विमानाची तिकिटे छापण्याच्या यंत्रात, 1990 मध्ये. 840 आरशांची एकच ओळ होती ती. 1996 मध्ये डीएलपी या नावाने प्रोजेक्टर बाजारात आले, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे कंपन्यांच्या बैठकांत आलेख दाखवणारे लोक. सिनेमाच्या माणसांना हे यंत्र आपल्या कामाचे आहे हे पटायला आणखी तीन वर्षे गेली. 18 जून 1999 ला ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला नवा सिनेमा अमेरिकेत मोजक्या चार पडद्यांवर फिल्मशिवाय दाखवला, त्यांतल्या दोन ठिकाणी हे आरसे होते. पुढे सिनेमासाठीच्या चिपवर आडवे 2,048 आणि उभे 1,080, म्हणजे बावीस लाखांवर आरसे बसू लागले. 2015 मध्ये हॉर्नबेकना ऑस्करची बाहुली मिळाली. भौतिकशास्त्राच्या माणसाला ती मिळणे क्वचितच घडते.

हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी 2005 मध्ये डिजिटल सिनेमाचे नियम ठरवले. चित्र किती ठिपक्यांचे, कुलूप कोणते, प्रोजेक्टर कोणत्या दर्जाचा, सगळे त्यात आले. त्या नियमांत बसणारे एक यंत्र तेव्हा लाखो रुपयांचे होते. पंचवीस-तीस रुपयांच्या तिकिटावर चालणाऱ्या टॉकीजला हे परवडणे शक्यच नव्हते.

इथे मुंबईतली दोन मराठी माणसे गोष्टीत येतात. संजय गायकवाड आणि नरेंद्र हेटे. त्यांच्या व्हॅल्युएबल ग्रुपने युनायटेड फिल्म ऑर्गनायझर्स, म्हणजे यूएफओ ही कंपनी काढली आणि 2005 मध्ये काम सुरू केले. हॉलिवूडचे नियम त्यांनी बाजूला ठेवले. कमी दर्जाचे, कमी किमतीचे प्रोजेक्टर घ्यायचे, सिनेमा दाबून लहान करायचा, कुलूपबंद करायचा आणि उपग्रहावरून थेट टॉकीजच्या गच्चीवरच्या छत्रीत उतरवायचा. यंत्र कंपनीचे, टॉकीजवाल्याने फार गुंतवणूक करायची नाही. निर्मात्याने प्रिंटऐवजी दर खेळामागे पैसे मोजायचे. नियमांत बसत नसल्यामुळे हॉलिवूडचे सिनेमे या यंत्रांना मिळेनात. पण उदगीर किंवा देगलूरच्या टॉकीजला हॉलिवूडची ती काय पत्रास? चेन्नईच्या रिअल इमेज कंपनीचे क्यूब तंत्रही याच सुमारास उभे राहिले. गायकवाड-हेटे यांनी नवा शोध लावला नाही, कोणता नियम मोडला तर चालेल हे ओळखले. मला तर हेच मोठे वाटते.

सात-आठ वर्षांत फिल्म संपली. जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, पुढच्या वर्षी फुजीने सिनेमाची फिल्म बनवणे बंद केले. नांदेड-लातूरला याचा परिणाम शुक्रवारी दिसू लागला. मुंबईत सकाळी लागलेला सिनेमा दुपारी इथे. पेटी नाही, पोऱ्याची सायकल नाही, फिल्मवरच्या रेघा नाहीत. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ ही मोठ्या शहराची मिजास होती, ती आपल्याही वाट्याला आली. लातुरात पीव्हीआरने आपल्या लहान शहरांसाठीच्या ‘टॉकीज’ साखळीतले पडदे उघडले. लातूरच्या बाभळगावचे रितेश देशमुख यांनी नट म्हणून आपला पहिला मराठी सिनेमा ‘लय भारी’ 11 जुलै 2014 ला आणला, तो सगळीकडे एकाच दिवशी. हाच सिनेमा त्याच्या वीस वर्षे आधी आला असता तर त्यांच्या स्वतःच्या गावाने तो दिवाळीनंतर पाहिला असता. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून येत होते. त्याच एप्रिलच्या 29 तारखेला ‘सैराट’ आला, तो आकाशातून. पाणी तीनशेवर किलोमीटरांवरून वाघिणीने आणावे लागत होते आणि सिनेमा मात्र पुण्याबरोबर मिळत होता, अशी ती विचित्र वेळ होती.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला मार्गशीर्ष अमावास्येच्या आगेमागे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्या, तमाशाचे फड, आणि टुरिंग टॉकीजचे तंबू. या तंबूवाल्यांचे प्रोजेक्टर म्हणजे ओतीव लोखंडाची धुडे. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणून ठिणगीचा प्रकाश करायचा आणि कांडी जळत जाईल तशी ती हाताने पुढे सरकवायची. ऑपरेटरचे डोळे जायचे, फुप्फुसे जायची, पण यंत्र हाताखाली असायचे. दाता तुटला तर तो तालुक्याच्या गावी कोणाकडूनही बनवून घेता यायचा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजांबरोबर वर्षानुवर्षे हिंडून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 मध्ये कान महोत्सवात माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. जुने यंत्र विकून डिजिटल यंत्र घेताना तंबूवाल्यांची जी घालमेल झाली ती त्यात पाहायला मिळते.

नव्या यंत्राची गंमत अशी की त्याच्या नाजूक भागाला आपल्या रस्त्यांचे काहीच वाटत नाही. आरसा इतका हलका आणि बिजागरी त्या मानाने इतकी ताठ, की त्याचे स्वतःचे कंपन सेकंदाला लाखावर. ट्रकचे गचके सेकंदाला दहा-वीस. आरशाला ते लागतही नाहीत. मोडतो तो दिवा, बंद पडतो पंखा, गाळणीत धूळ भरून यंत्र तापते. ज्या वर्षांत महाराष्ट्रात दहा-दहा तास भारनियमन होते त्या वर्षांत हे यंत्र आले, तेव्हा जनित्रावरून येणाऱ्या खालीवर विजेने काय होत असेल याची कल्पना करा. आणि चिप शेवटी जुनी होतेच. एखाद-दुसरा आरसा उघडा चिकटून राहिला की पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. मग दोन, मग वीस. भर उन्हातल्या शेतावर चांदण्या पडलेल्या दिसतात. त्या घालवायचा एकच इलाज, अख्खी चिप बदलणे. लोहा-कंधारच्या कुठल्याही कारागिराला ती उघडता येत नाही. ऑपरेटरला उरले बटण दाबणे आणि कुलपाची परवानगी आली का ते फोनवर विचारणे. एका यंत्रामागे दोन माणसे लागत, तिथे एकही नीटसा लागेना.

पेटीवाला वितरक गेला म्हणून मधला माणूस गेला असे झाले नाही. त्याच्या जागी उपग्रहवाला आला. दर खेळाचा आकार किती, जाहिरातींचा पैसा कोणाचा, यावरून निर्माते आणि या कंपन्या वारंवार भांडल्या. मार्च 2018 मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी यूएफओ आणि क्यूबला सिनेमे देणेच बंद केले आणि तिकडचे पडदे नव्या सिनेमांवाचून राहिले. एका पडद्याची जुनी टॉकीजे या साऱ्यातून वाचली असेही नाही. त्यांच्या जागेवर संकुले उभी राहिली, काही मंगल कार्यालये झाली. आरशांनी उशीर संपवला, टॉकीज वाचवणे त्यांच्या हातात नव्हते.

आपण हे आरसे बनवले का? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूला आपले केंद्र 1985 मध्येच काढले होते, तिथे भारतीय अभियंत्यांनी चिपा आखल्याही. सूक्ष्म यंत्रांसाठी सरकारने 2000 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखले. संरक्षण संशोधनातले व्ही. के. अत्रे यांनी त्यांची धुरा वाहिली, अभियांत्रिकी महाविद्यालयांना आराखड्याची सॉफ्टवेअर दिली गेली, दाब मोजणारी संवेदके तयार झाली. पण लाखो आरशांची चिप बाजारात आणणारा कारखाना आपल्याकडे उभा राहिला नाही. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे. तिथल्या पोरांनी हे आरसे पाहिले ते वर्गातल्या प्रोजेक्टरच्या भिंगातून.

आता नांदेडहून साठेक किलोमीटरांवर, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आणखी आरसे येणार आहेत. लायगो-इंडियाचे. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 17 फेब्रुवारी 2016 ला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर झाले आणि त्याच वर्षी 11 मे रोजी पायाभरणी झाली. पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर अशा लहरी ओळखण्याच्या गणितावर कित्येक दशकांपासून काम करत आले. चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळी आणि टोकांना आरसे. या घराण्याच्या अमेरिकेतल्या वेधशाळांत एकेक आरसा 40 किलोचा, 34 सेंटिमीटर व्यासाचा आहे. डॅलसच्या आरशाच्या मानाने पर्वत. पण तो काचेच्या धाग्यांवर टांगतात आणि त्याला जागेवर ठेवण्यासाठी मागच्या जोडीदार काचेवर विद्युताग्रे काढून, मध्ये काही मिलिमीटरांची पोकळी सोडून, त्याच स्थिर विद्युतच्या ओढीने हलवतात. हलवायचे अंतर अणूहूनही कमी. सोळा मायक्रॉनांचा आरसा आपटून टेकवायचा होता, हा टेकू द्यायचा नाही, एवढाच फरक. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आणि 10 जुलै 2024 ला हिंगोलीच्या साडेचार रिश्टरच्या धक्क्याने जिथल्या माणसांना जमिनीची नीट ओळख करून दिली, त्या जमिनीवर हे काम चालणार आहे. कंपने अडवणारी यंत्रणा इथे नावापुरती असून भागणार नाही.

इंदूर, गांधीनगर, पुणे आणि मुंबईच्या संस्था हे काम वाटून घेत आहेत. वेधशाळा 2030 च्या सुमारास उभी करायचे ठरले आहे. निर्वात नळ्या, टांगण्या, लेसर, कंपनमापक, विद्युत नियंत्रण अशा साऱ्या कामांना तंत्रज्ञ लागतील आणि भरतीच्या जाहिराती निघतील. बारावीला वैद्यकीयच्या रांगेत लागलेल्या लातूर पॅटर्नच्या मुलांनी आणि विष्णुपुरीच्या उपकरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या जाहिरातींवर आतापासून नजर ठेवावी. ज्यांच्या घरात अशी मुले आहेत त्यांनी एका रविवारी औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन पुढे ती जागाही दाखवून आणावी.